लोणच्याच्या बरणीतली कोळंबी

पोतनीसकाकांनी आयुष्यात कधी मासा खाल्ला नाही आणि सहा वर्षं कधी पकडलाही नाही. पहिल्या गोष्टीचं श्रेय ते संस्कारांना देत, दुसरीचं भरती-ओहोटीला. मधल्या काळात त्यांनी गळाला लावायला जी कोळंबी मुरवली, तिला मात्र तोड नव्हती. हे मी म्हणत नाही, कॉर्नवॉलिसच्या धक्क्यावरचे सीगल म्हणायचे.

मी न्यूझीलंडमध्ये, हेन्डरसन नावाच्या उपनगरात, त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. नाशिकहून सप्लाय चेन मॅनेजमेंट शिकायला आलो होतो आणि शिकून झाल्यावर कुरिअरची व्हॅन चालवत होतो. आईला 'लॉजिस्टिक्समध्ये आहे' असं सांगितलं होतं, आणि ते तसं खोटंही नव्हतं. काका पुण्यात औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते, इथे सॉसच्या कारखान्यात तेच करत. उंच, किडकिडीत, इस्त्रीची पँट आणि जँडल्समध्ये मोजे. जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये मोज्याची घडी नीट बसवायला त्यांना रोज सकाळी पाच मिनिटं लागत. न्यूझीलंडच्या राहणीमानाशी त्यांनी केलेली ही एकमेव तडजोड.

काकांचा आवडता शब्द एकच होता: "कशावरून?" आज पाऊस येणार, काका. "कशावरून?" दूध ताजं आहे, काका. "कशावरून?" कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या पाव-दूध-पेपरच्या दुकानात, ते शिरले की मालक स्वतःच पावाची पिशवी उलटी करून तारीख दाखवायचा. सुषमाकाकू कधी रंगात आल्या की म्हणायच्या, "मी लग्नाला हो म्हटलं तेव्हा काय विचारलं होतंत, सांगा ना याला." काका लगेच पेपरात तोंड घालत. त्यांनी तेव्हाही तेच विचारलं होतं.

२०१२च्या हिवाळ्यातल्या एका रविवारी मी कपड्यांची पावडर मागायला वर गेलो, तर काका गॅरेजमध्ये. हातात भांडी घासायचे पिवळे रबरी मोजे, नाकावर रुमाल बांधलेला आणि समोर लोणच्याची चिनीमातीची बरणी. चिमट्याने एकेक कोळंबी उचलून ते तिच्यात सोडत होते, लहान मुलाच्या डोळ्यात औषध घालावं तितक्या हळुवारपणे. पायरीवर काकू कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"अहो, ती आईंची बरणी आहे!"

"प्रमाणही आईचंच आहे," काका रुमालाआडून म्हणाले. "एक थर, वर मीठ. एक थर, वर मीठ."

आई म्हणजे काकांच्या मातोश्री. त्यांच्या पुण्याच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा गॅलरीत राहायला जायचा. आदल्या वर्षी त्या गेल्या तेव्हा काकांनी आठवण म्हणून ही एवढीच वस्तू आणली, तीही विमानात मांडीवर घेऊन. ज्या बरणीत त्या माउलीने जन्मभर लिंबाचं लोणचं मुरवलं, तिच्यात आता तिचा मुलगा कोळंबी मुरवत होता. वरून बघत असतील तर त्यांनी तिथेही अंघोळ केली असेल.

यामागे शास्त्र होतं, आणि ते ऐकल्याशिवाय मला पावडर मिळाली नाही. कच्ची कोळंबी मऊ असते. गळाला लावून फेकली की अर्धी वाटेतच गळून पडते, उरलेली बारके मासे कुरतडून नेतात. तीच मीठ-साखरेत मुरवली की पाणी सुटतं, मांस चामट होतं आणि गळाला घट्ट बसतं. हे सगळं काकांनी एका अमेरिकन माणसाच्या वेबपेजवरून वहीत उतरवून घेतलं होतं. तो माणूस स्टीलहेड नावाचा मासा पकडायचा. त्याने रंग घालायला सांगितला होता, काकांनी हळद घातली. पुढे तो काहीच सांगत नव्हता, म्हणून काकांनी आईची कृती पूर्ण केली: मेथी, हिंग आणि वरून गार केलेली फोडणी. बरणीला दादरा बांधला, त्यावर चिठ्ठी लावली, 'बॅच १'.

पुढच्या रविवारी आम्ही कॉर्नवॉलिसच्या धक्क्यावर गेलो. गळ पाण्यात पडला आणि भोवती तेलाचा सुंदर तवंग पसरला. चार तासांत एकही मासा फिरकला नाही. मला मात्र त्या वासाने सणसणीत भूक लागली. घरी आल्यावर काकांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'नापास. कारण: मोहरी.'

परतीच्या वाटेवर मी विचारलं होतं, "काका, तुम्ही तर खाणार नाही. मग पकडायचा कशाला?" त्यांनी आधी मला भरतीचं वेळापत्रक समजावलं. मग एका सिग्नलला गाडी थांबली आणि ते समोर बघत बोलू लागले.

काकू वेंगुर्ल्याच्या. लग्न होऊन पुण्याला आल्या त्या दिवशी त्यांचे मासे सुटले. कोणी सोड म्हटलं नाही, सुटले तर चालेल का असंही कोणी विचारलं नाही. चौथ्या वर्षी त्या भावाच्या लग्नाला माहेरी जाऊन आल्या. सासूबाईंनी दारातच विचारलं, "तिकडे खाल्लंस?" काकूंना खोटं बोलता येईना. "मग आधी अंघोळ कर. आणि आज स्वयंपाकघरात येऊ नकोस." डिसेंबरची सकाळ होती आणि पाणी तापवलेलं नव्हतं.

"मी तिथेच बसलो होतो," काका म्हणाले. "पेपर वाचत. तिने माझ्याकडे बघितलं. मी पान उलटलं."

सिग्नल हिरवा झाला होता. या देशात सहसा कोणी हॉर्न वाजवत नाही, पण मागच्याने वाजवला.

"काका, सुपरमार्केटमध्ये मिळतो की मासा. जाता जाता घेऊ."

"दुकानातून ती स्वतःही आणू शकते. पान मी उलटलं होतं ना? मग मीच आणायचा."

त्याच संध्याकाळी जेवताना त्यांनी जाहीर केलं की या घरात पहिला मासा शिजेल तो त्यांनी स्वतः पकडलेला. काकूंनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि "बरं" म्हणाल्या. हेतू थोर होता, त्याबद्दल वाद नाही. परिणाम एवढाच झाला की सासूबाईंची बंदी तीस वर्षांनी उठली, आणि तिच्या जागी नवऱ्याच्या माफीची बंदी आली. ही जास्त कडक होती. सासूला निदान मनातल्या मनात बोल लावता येतात.

काकांनी पहिल्यांदा हेरला तो नदीतला ट्राउट. कारण मोठं पटण्यासारखं होतं. ट्राउट इथे विकायलाच कायद्याने बंदी, खायचा तर पकडूनच खायचा. म्हणजे कोणी 'कशावरून?' विचारायची सोयच नाही. शिवाय इथले रेनबो ट्राउट शंभरावर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियाहून आणलेले, आणि अमेरिकन गृहस्थांचा स्टीलहेड म्हणजे त्याच जातीचा, समुद्रात जाऊन आलेला मासा. "वंश एकच, तर आवडही एकच," काका म्हणाले. मी हळूच "कशावरून?" म्हटलं. ते त्यांना आवडलं नाही.

दोन वर्षं बॅचमागून बॅच झाल्या. साखर वाढली, हिंग गेला, मीठ आयोडीन नसलेलं आलं. बॅच १४ वर 'पास' असा शेरा पडला तेव्हा आम्ही ट्राउटच्या नदीवर, तुरांगीला निघालो. साडेचार तासांचा रस्ता, बरणी माझ्या मांडीवर, आणि दर वळणाला काकांचं "दादरा बघ." तुरांगीला परवाना काढायला गळांच्या दुकानात शिरलो. काउंटरमागच्या धिप्पाड माणसाने बरणीत नाक घातलं, डोळे मिटले आणि भक्तिभावाने म्हणाला, "ब्यूटिफुल बेट, मेट. रिअली ब्यूटिफुल. पण इथे चालणार नाही. ओन्ली फ्लाय."

बेट म्हणजे आमिष, आणि फ्लाय म्हणजे दोऱ्याने पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी. त्या नदीत खरं आमिष लावायलाच मनाई. ज्या माणसाने दोन वर्षांत मिठाच्या दाण्याचा आकार, पाण्याचं तापमान आणि चंद्राच्या कला यांवर अडीच वह्या भरल्या, त्याने नदीचा नियम वाचला नव्हता. परतताना मी तोंड खिडकीकडे वळवून अर्ध्याहून जास्त रस्ता, पार हॅमिल्टनपर्यंत हसू दाबलं. त्यानंतर काका एकदाच बोलले. "खायला देतो असं दाखवायचं आणि पिसं द्यायची? मला नाही जमायचं ते." घरी काकूंनी पिठलं-भात करून ठेवला होता. त्यांनी माझ्या हातातली बरणी तेवढी घेतली आणि आत नेली.

मग आम्ही कायमचे कॉर्नवॉलिसचे झालो. तिथे धक्क्याच्या टोकाला घडीच्या खुर्चीत मातिउ नावाचे एक म्हातारे माओरी गृहस्थ बसायचे. आम्ही दिसलो की "किया ओरा! व्हॉट बॅच टुडे, ब्रो?" काका त्यांना चिठ्ठी दाखवायचे आणि चिमट्याने चार कोळंब्या द्यायचे. हळूहळू सगळा धक्काच मागू लागला. उन्हाळ्यात स्नॅपर मासे येत, आणि सगळ्यांना ते काकांच्याच कोळंबीवर लागत. काका सोडून.

याचं कारण धक्क्यावर सगळ्यांना माहीत होतं. काका दर तीन मिनिटांनी गळ वर ओढायचे.

"लीव इट, ब्रो," मातिउ कळवळून सांगायचे. "इट्स स्टिल देअर."

"हाउ डू यू नो?" काका विचारायचे आणि ओढून बघायचे. कोळंबी असायचीच, अगदी जशीच्या तशी, खालच्या माशांना वर जाताना दिसलेली. मातिउंनी कितीदा तरी आपल्या बादलीतला स्नॅपर पुढे केला, "फॉर युअर मिसेस." काका हात जोडून नको म्हणायचे. पाचव्या वर्षी एकदाच त्यांना एक लागला, कायद्याने ठरवलेल्या मापाला दोन मिलिमीटर कमी. त्यांनी चारदा मोजला. मातिउ मुद्दाम डोंगराकडे बघत राहिले, मीही बघत राहिलो. काकांनी पाचव्यांदा मोजला आणि सोडून दिला. त्या दिवशी मला त्यांचा खरोखर राग आला.

येताना मी चिप्स घेतल्या की काका दुकानदाराला न चुकता विचारायचे, "त्याच तेलात मासे तळता?" "येप, सेम ऑइल." मग काका गाडीत डब्यातले दडपे पोहे खायचे आणि मी खिडकी उघडून चिप्स.

आता काकूंचं सांगायला हवं. काकू एका डे-केअरमध्ये मुलं सांभाळायच्या आणि शुक्रवारी दुपारीच सुटायच्या. तुरांगीनंतर थोड्याच दिवसांनी, एका शुक्रवारी, मी एक पार्सल द्यायला फिश अँड चिप्सच्या दुकानामागे व्हॅन लावली, तर बाकावर काकू. मांडीवर कागद, कागदात तळलेला मासा, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की मी ओळखलंच नाही आधी. त्यांनी मला बघितलं. हातातला घास तसाच राहिला. मग त्यांनी शांतपणे माशाचा अर्धा तुकडा मोडून माझ्यापुढे केला. "घे. आणि तू काही बघितलं नाहीस."

मी खाल्ला. म्हणजे मीही त्यात आलो.

"काकू, सांगून टाका ना. घरीच करा सरळ."

"करायला काय, दहा मिनिटांत करेन. पण ते आणतायत ना. त्यांना आणू दे."

"ती जुनी गोष्ट अजून डोक्यात आहे का तुमच्या?"

"मी केव्हाच विसरले रे," त्या म्हणाल्या. मग बोटं पुसत म्हणाल्या, "विसरले नाही. पण राग नाही राहिला." पर्समधून छोटी डबी काढून त्यांनी बडीशेप तोंडात टाकली आणि बसस्टॉपकडे चालू लागल्या. त्यानंतर चार वर्षं मी शुक्रवारी तो बाक दिसला की मान दुसरीकडे वळवायचो. इकडे नवरा माफी मुरवत होता, तिकडे बायको चोरून जेवत होती, आणि मधे मी, दोघांकडचं जेवून गप्प. भाडेकरू म्हणून याहून इमानदारी काय दाखवायची ते मला कळत नव्हतं.

२०१८च्या डिसेंबरात मला क्राइस्टचर्चला नोकरी लागली, ऑफिसात बसून करायची. तिथे रिकार्टनला खोलीही बघून ठेवली. काकांना सांगायचं मी तीन आठवडे टाळत होतो. शेवटी धक्क्यावर सांगितलं, त्यांनी नुकताच गळ टाकला होता तेव्हा.

"कधी?"

"पुढच्या शनिवारी."

यावर त्यांनी 'कशावरून' विचारलं नाही. पाण्याकडे बघत म्हणाले, "तिकडे थंडी फार. मोजे घेऊन जा." मग म्हणाले, "सहा वर्षं बरणी धरलीस तू." मी बुटाच्या लेसशी खेळत राहिलो, काका रेलिंगवरचा रंग नखाने काढत राहिले. असा किती वेळ गेला कोण जाणे. दोघांनाही गळाची आठवण राहिली नाही.

"ब्रो!" मातिउ खुर्चीवरून ओरडले. "युअर रॉड!"

काठी धनुष्यासारखी वाकली होती. पुढची पाच मिनिटं काका जे ओरडत होते ते पुणेरी नव्हतं. मासा वर आला तेव्हा तो गुलाबी, भला दांडगा स्नॅपर होता, मोजपट्टीची गरजच नव्हती. काकांनी तरी मोजला. मारायची वेळ आली तेव्हा सुरी मातिउंनी घेतली. काका पाठ करून, हात जोडून उभे राहिले. ते "सॉरी" म्हणाले ते मी ऐकलं.

काकूंनी दार उघडलं आणि मासा बघितला. आधी त्यांनी पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली, मग अंगणात बसून खवले काढले. तीस-पस्तीस वर्षांत त्यांचे हात काही विसरले नव्हते. रवा लावून तुकड्या तळल्या, ओल्या नारळाची, कोकमं घातलेली कढी केली. घरभर वास सुटला तरी काकांनी नाकाला रुमाल लावला नाही. टेबलावर पेपर पडला होता. तो उचलून त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसले. मग स्वतः काकूंच्या ताटात तुकडी वाढली आणि त्यांच्या शेजारी, ताटाला ताट लावून, आपला वरण-भात कालवला.

काकूंनी पहिला घास घेतला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "तिखट झालंय जरा," त्या म्हणाल्या. मीही तेच खात होतो. तिखट अजिबात नव्हतं.

जेवणानंतर काका मागच्या नळावर बरणी धूत होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. सहा वर्षांची मेहनत आज फळाला आली, असं काहीतरी मोठं बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "शुक्रवारी ती बाहेर मासे खाते. माहीत आहे तुला?"

मी गार पडलो. त्यांचाच शब्द वापरला. "कशावरून?"

"बडीशेप. बाकीचे चार दिवस कामावरून येते तेव्हा वास नसतो. शुक्रवारी असतो." त्यांनी बरणी उपडी केली. "आयुष्य क्यूसीत गेलंय माझं."

"तुम्हाला माहीत होतं तर मग एवढा खटाटोप कशाला? मिळत होतं ना त्यांना खायला!"

"मिळत होतं. पण लपून खात होती ना रे," काका म्हणाले. "तेच तर थांबवायचं होतं."

मी सहा वर्षं या माणसाची टिंगल करत होतो आणि मनातून अजून करायची होती, पण त्या वेळी जमेना.

शुक्रवारी माझा व्हॅनवरचा शेवटचा दिवस होता. दुपारी त्या दुकानामागून जाताना मी सवयीने मान वळवली, आणि मग परत फिरवली. बाकावर दोघं बसली होती. काकूंच्या मांडीवर कागदात मासा, आणि शेजारी काका, इस्त्रीची पँट, जँडल्समध्ये मोजे, हातात कागदाचा द्रोण. काकू काहीतरी सांगत होत्या आणि काका मान हलवत एकेक चिप तोंडात टाकत होते.

मी हॉर्न वाजवला नाही. पुढच्या सिग्नलला थांबल्यावर माझ्या लक्षात आलं, त्या दुकानातही तेल एकच असतं. आणि पोतनीसकाका विचारल्याशिवाय तोंडात काही टाकत नाहीत.